विश्लेषण : कापडी पुतळ्यावर बाळंतपण शिकविणाऱ्या मादाम द्यु कुद्रे कोण होत्या?

नर्सिंग कॉलेजच्या स्किल लॅबमध्ये गेलात, तर पलंगावर एक रबरी बाई झोपलेली दिसेल. तिच्या पोटात रबरी बाळ असते. विद्यार्थिनी हातमोजे घालतात, बाळाचे डोके कुठे आहे ते चाचपतात, बाळ बाहेर काढतात, नाळ बांधतात, वार पूर्ण पडली का ते पाहतात. चूक झाली तर शिक्षिका थांबवते, पुन्हा पहिल्यापासून करायला लावते. कुणाचा जीव जात नाही. याला सिम्युलेशन म्हणतात. हा विषय शिकविणे हे परिचारिकांसाठी आता स्वतंत्र करिअर झाले आहे.

ही पद्धत संगणकाच्या काळात आली असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात फ्रान्समधील एका सुईणीने १८ व्या शतकात कापड, चामडे आणि हाडे वापरून असा पुतळा तयार केला होता. तो घेऊन ती दोन दशकांहून अधिक काळ देशभर फिरली आणि हजारो खेडवळ बायकांना तिने बाळंतपण शिकविले. तिचे नाव आंजेलिक मार्गरीत द्यु कुद्रे. रुग्णसेवा करणारी बाई शिक्षिका कशी झाली, तिला कुणी विरोध केला, तिचे यंत्र नेमके कसे चालायचे आणि त्याचा आजच्या नर्सिंग शिक्षणाशी काय संबंध, हे समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचे

- १७४० : पॅरिसमध्ये परवानाधारक सुईण म्हणून नोंद
- १७४५ : सुईणींना शिक्षण मिळावे यासाठीच्या अर्जावर सही
- १७५१ : पॅरिस सोडून ओव्हेर्न्य प्रांतात
- १७५६ : पुतळ्याचे पॅरिसच्या शस्त्रक्रिया अकादमीसमोर सादरीकरण
- १७५९ : पाठ्यपुस्तक प्रकाशित; राजाकडून देशभर शिकविण्याची सनद
- १७६० ते १७८३ : फ्रान्सभर प्रशिक्षण दौरा
- १७९४ : बोर्दो शहरात मृत्यू

सुरुवात कशी झाली?

द्यु कुद्रे यांचा जन्म १८ व्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला. तरुणपणी त्या ‘मादम्वाझेल ल बुर्सिए’ या नावाने ओळखल्या जात. द्यु कुद्रे हे नाव त्यांनी पुढे घेतले.

त्या काळी पॅरिसमध्ये सुईण होण्याचा मार्ग ठरलेला होता. आधी एखाद्या अनुभवी सुईणीच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी करायची. तिच्यासोबत घरोघरी जायचे, आधी पाहायचे, मग मदत करायची, मग स्वतः करायचे. त्यानंतर शल्यविशारदांसमोर परीक्षा. ती उत्तीर्ण झाल्यावर शपथ आणि परवाना. द्यु कुद्रे यांनी हा सगळा टप्पा १७४० च्या फेब्रुवारीत पूर्ण केला.

या पद्धतीत एक मोठी अडचण होती. उमेदवारी करणाऱ्या मुलीला तीन वर्षांत जेवढी बाळंतपणे पाहायला मिळतील, तेवढेच तिचे शिक्षण. बहुतेक बाळंतपणे सुरळीत होतात. पायाळू मूल, आडवे मूल, जुळी, अडकलेला खांदा हे प्रसंग अधूनमधून येतात. म्हणजे ज्या प्रसंगासाठी कौशल्य सर्वांत जास्त लागते, त्याचाच सराव सर्वांत कमी. तो प्रसंग पहिल्यांदा समोर यायचा तेव्हा समोर एक खरी बाई असायची. शिकाऊ हाताची पहिली चूक तिच्या अंगावर निघायची.

१७४५ चा अर्ज का महत्त्वाचा?

पॅरिसमध्ये तेव्हा डॉक्टर आणि शल्यविशारद यांच्यात जोरदार वाद चालू होता. शल्यविशारद आपली प्रतिष्ठा वाढवीत होते आणि प्रसूतीच्या क्षेत्रातही शिरत होते. श्रीमंत घरांत पुरुष प्रसूतितज्ज्ञ बोलावण्याची पद्धत वाढत होती. १७४३ मध्ये शल्यविशारदांच्या संस्थेने सुईणींना शिकविणे बंद केले. परवाना मिळविण्यासाठी परीक्षा द्यायची, पण परीक्षेसाठी लागणारे शिक्षण मात्र मिळणार नाही, अशी ती कोंडी होती.

१७४५ मध्ये सुमारे ४० परवानाधारक सुईणींनी पॅरिस विद्यापीठाच्या वैद्यक विभागाकडे अर्ज केला. आम्हाला शरीररचनेचे शिक्षण द्या, ही त्यातली मुख्य मागणी. सही करणाऱ्यांत द्यु कुद्रे होत्या. सुईणींना शिकवायचे नाही आणि मग त्या अडाणी आहेत म्हणून त्यांना बाजूला सारायचे, हा डाव त्यांच्या लक्षात आला होता. डॉक्टरांचे शल्यविशारदांशी भांडण होतेच, त्यामुळे त्यांनी ही मागणी मान्य केली.

द्यु कुद्रे यांच्या पुढच्या आयुष्याची दिशा या प्रसंगात दिसते. सुईणीचे काम टिकवायचे असेल तर तिच्या शिक्षणाची सोय झाली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

पॅरिस सोडून खेड्यात का गेल्या?

१७५१ मध्ये एका जमीनदाराच्या आमंत्रणावरून त्या मध्य फ्रान्समधील ओव्हेर्न्य प्रांतातील तिएर येथे गेल्या. राजधानीत चांगला जम बसलेल्या सुईणीसाठी हा निर्णय सोपा नव्हता. ओव्हेर्न्य हा डोंगराळ आणि गरीब भाग. तिथल्या गावांत बाळंतपणे करणाऱ्या बायका अनुभवी असत, पण त्यांना शरीररचनेची माहिती नसे.

त्याचे परिणाम द्यु कुद्रे यांना रोज दिसू लागले. घाई करून ओढल्याने जायबंदी झालेली मुले. नाळ ओढून वार काढण्याच्या प्रयत्नात रक्तस्रावाने दगावलेल्या आया. वेळ न देता किंवा चुकीच्या क्षणी हात घातल्याने कायमच्या अधू झालेल्या बायका. यातले बरेच काही टाळता येण्यासारखे होते.

त्यांनी गावातल्या बायकांना मोफत शिकवायला सुरुवात केली. पण पॅरिसची पद्धत इथे चालेना. समोरच्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते. व्याख्यान दिले तर ते दोन दिवसांत विसरले जाई. शरीराच्या आतले अवयव शब्दांनी समजावणे अवघड होते. शवविच्छेदनाची सोय नव्हती. तीन वर्षे घर सोडून उमेदवारी करणे तर कुणालाच शक्य नव्हते.

मग त्यांनी या बायकांची जमेची बाजू हेरली. या बायका शिवणकाम, विणकाम, शेतीकाम करणाऱ्या होत्या. त्यांचा हात शिकलेला होता. ज्ञान डोळ्यांवाटे किंवा कानांवाटे जात नसेल, तर ते हातावाटे द्यायचे, असे द्यु कुद्रे यांनी ठरवले. त्यातून ‘यंत्र’ जन्माला आले.

हे ‘यंत्र’ नेमके कसे होते?

द्यु कुद्रे आपल्या पुतळ्याला यंत्रच म्हणत. ते स्त्रीच्या शरीराच्या मधल्या भागाचे, म्हणजे पोटापासून मांड्यांपर्यंतचे, खऱ्या मापाचे रूप होते. बाहेरून कापड आणि चामडे, आत भरण. सुरुवातीच्या पुतळ्यांत कटीचा सांगाडा खऱ्या हाडांचा होता. पुढे लाकूड आणि वेतही वापरले गेले. फ्रान्समधील रुआँ शहरातील वैद्यक इतिहासाच्या संग्रहालयात यातील एक पुतळा आजही जपून ठेवलेला आहे. त्याची क्ष-किरण तपासणी केली तेव्हा आत खरे मानवी हाड असल्याचे दिसले.

पुतळ्याचे महत्त्वाचे भाग असे :

- दोऱ्या आणि पट्टे : जन्ममार्ग आणि त्याभोवतीचा भाग ताणला किंवा सैल केला जाई. बाळ पुढे सरकताना ऊती कशा ताणल्या जातात, याचा अंदाज हाताला येत असे.
- बाळाची बाहुली : नाक होते, शिवलेले कान होते, शाईने रेखलेले केस होते. तोंड उघडे होते, त्यात जीभ होती आणि सुमारे दोन इंच आत बोट घालता येई.
- जुळी बाळे : एकाच वेळी दोन बाळे असताना काय करायचे, याच्या सरावासाठी.
- वार आणि नाळ : नाळेचे दोन प्रकार, एक भरलेली आणि एक रिकामी. बाळ जिवंत आहे की नाही, हे स्पर्शाने ओळखायला शिकविण्यासाठी.
- द्रव : काही पुतळ्यांत स्पंज बसवलेले होते. योग्य वेळी पाण्यासारखा आणि लाल द्रव सोडून पाणमोट फुटणे आणि रक्तस्राव दाखवता येई.

बाहुलीच्या तोंडात जीभ कशासाठी?

ही बाब वरवर पाहता हौसेची वाटते. पण या पुतळ्यामागचा सगळा विचार तिच्यात आहे.

मूल पायाळू असेल तर आधी पाय, मग धड आणि शेवटी डोके बाहेर येते. डोके हा बाळाच्या शरीराचा सर्वांत मोठा भाग. धड बाहेर आले आणि डोके आत अडकले, तर मिनिटांचा खेळ असतो. घाबरलेली व्यक्ती अशा वेळी धड धरून ओढते. ओढल्याने हनुवटी वर उचलली जाते, डोक्याचा रुंद भाग पुढे येतो आणि ते आणखी घट्ट अडकते. मानेला इजा होते.

यावरचा उपाय असा : बाळाला एका हातावर तोलून धरायचे, त्याच हाताचे बोट बाळाच्या तोंडात घालायचे आणि हनुवटी छातीकडे वळवायची. डोके वाकले की त्याचा अरुंद भाग पुढे येतो आणि ते सुटते. आज बोट तोंडात घालण्याऐवजी गालाच्या हाडांवर ठेवायला शिकवतात, पण हनुवटी छातीकडे झुकवण्याचे तत्त्व तेच आहे.

ही कृती अंधारात, केवळ स्पर्शाने करायची असते. आतले काही दिसत नाही. बोटाला जीभ लागली की आपण योग्य ठिकाणी आहोत, हे कळते. म्हणून बाहुलीला जीभ हवी.

कोणत्याही सिम्युलेटरसाठी हा नियम आजही लागू होतो. हुबेहूबपणा सगळीकडे लागत नाही. निर्णय ज्या खुणेवर घ्यायचा, ती खूण खरी असावी लागते. द्यु कुद्रे यांच्या पुतळ्याला चेहरा नव्हता, हात नव्हते, कारण त्यांची गरज नव्हती. कटीचे हाड मात्र खरे होते, कारण बाळ अडकते ते तिथेच. सर्किटची चाचणी घेताना जसा मुद्दाम बिघाड घालून पाहतात, तसे त्या पुतळ्यात मुद्दाम अवघड प्रसंग घालत. बाळ आडवे ठेवत, हात आधी बाहेर काढत, पाय वर करत. एरवी वर्षातून एखाद्या वेळी दिसणारा प्रसंग एका दुपारी दहा वेळा समोर यायचा.

असा पुतळा बनविणाऱ्या त्या पहिल्याच होत्या का?

नाही. पॅरिसमध्ये ग्रेग्वार पिता-पुत्रांनी त्यांच्याआधी प्रसूतीचा पुतळा वापरला होता. लंडनमध्ये विल्यम स्मेली हे डॉक्टरही १७४० च्या दशकात अशा यंत्रावर शिकवत. पण हे पुतळे शहरात होते, आणि ते पाहायला येणारे बहुतेक शिकलेले पुरुष होते.

द्यु कुद्रे यांचे वेगळेपण दोन गोष्टींत होते. पहिली, त्यांनी पुतळा निरक्षर बायकांसाठी बनवला. दुसरी, तो एका वर्गापुरता ठेवला नाही. ठरावीक पद्धतीने त्याच्या प्रती बनवल्या आणि प्रांतोप्रांती पोहोचवल्या. एका पुतळ्याची किंमत साधारण ३०० लिव्र होती. लिव्र हे त्या काळचे फ्रेंच चलन. ही रक्कम गावाला परवडणारी नव्हती, पण प्रांताच्या प्रशासनाला जड नव्हती.

राजाने त्यांना का नेमले?

१७५६ मध्ये त्यांनी आपले यंत्र पॅरिसच्या शस्त्रक्रिया अकादमीसमोर मांडले आणि त्याला मान्यता मिळवली. ज्या वर्गाने सुईणींना शिक्षण नाकारले होते, त्याच वर्गाकडून हे शिक्कामोर्तब झाले. १७५९ मध्ये त्यांचे प्रसूतिशास्त्रावरील पाठ्यपुस्तक निघाले. त्याच वर्षी पंधराव्या लुईने त्यांना देशभर शिकविण्याची सनद दिली.

यामागे केवळ दयाबुद्धी नव्हती. फ्रान्सची लोकसंख्या घटते आहे, अशी तेव्हा राज्यकर्त्यांची आणि विचारवंतांची ठाम समजूत होती. पुढे ही समजूत चुकीची निघाली. लोकसंख्या प्रत्यक्षात वाढत होती. पण १७५६ पासून फ्रान्स सप्तवार्षिक युद्धात अडकला होता. सैनिक हवे होते, शेतकरी हवे होते, कर भरणारे हवे होते. जन्मताच दगावणारे प्रत्येक मूल हे राज्याचे नुकसान, असा हिशेब मांडला जात होता.

द्यु कुद्रे यांनी हा हिशेब ओळखला आणि आपल्या कामासाठी वापरला. आईचा जीव वाचवा म्हटले तर तिजोरी उघडली नसती. राज्याची प्रजा वाचवा म्हटल्यावर उघडली. १७६७ मध्ये त्यांना दुसरी सनद मिळाली. वर्षाला ८,००० लिव्र मानधन आणि निवृत्तीनंतर ३,००० लिव्र पेन्शन. एका सुईणीसाठी ही असाधारण गोष्ट होती.

देशभर प्रशिक्षण कसे चालायचे?

१७६० ते १७८३ या काळात त्या ४० हून अधिक शहरांत आणि गावांत शिकवायला गेल्या. सोबत पुतळे, पुस्तके आणि मदतनीस. खडबडीत रस्ते, घोडागाडीचा प्रवास आणि वाढते वय. कामाची पद्धत साधारण अशी असे :

१. प्रांताच्या प्रमुख अधिकाऱ्याशी, म्हणजे इंटेंडंटशी, आधी पत्रव्यवहार. जागा, निवास आणि पुतळ्याचा खर्च ठरवून घेणे.

२. गावोगावच्या धर्मगुरूंनी विद्यार्थिनी निवडून पाठविणे. शक्यतो तरुण, धडधाकट आणि हात सफाईदार असलेल्या.

३. सुमारे दोन महिन्यांचा वर्ग. आधी माहिती, मग पुतळ्यावर प्रत्येकीकडून पुन्हा पुन्हा सराव.

४. शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र.

५. पुतळा त्याच शहरात ठेवणे आणि स्थानिक शल्यविशारदाला तो वापरायला शिकविणे, म्हणजे त्या निघून गेल्यावरही वर्ग चालू राहतील.

पाचवा मुद्दा सर्वांत दूरदृष्टीचा. आज याला ‘ट्रेन द ट्रेनर’ म्हणतात. ज्या शल्यविशारदांशी एकेकाळी झगडावे लागले, त्यांनाच त्यांनी आपल्या पद्धतीत शिकवून घेतले. लिमोजमध्ये तेव्हा इंटेंडंट होते पुढे अर्थतज्ज्ञ म्हणून गाजलेले त्युर्गो. रोशफोर या नाविक तळावर नौदलाचे शल्यविशारदही त्यांच्या वर्गाला बसले.

१७६९ मध्ये त्यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती रंगीत चित्रांसह निघाली. अक्षरे वाचता न येणाऱ्या बाईला चित्र तरी वाचता यावे, हा हेतू. पुतळ्यावर शिकलेली गोष्ट घरी गेल्यावर चित्र पाहून आठवावी, अशी त्याची रचना होती.

अभ्यासकांच्या अंदाजानुसार द्यु कुद्रे यांनी स्वतः चार हजारांहून अधिक बायकांना आणि सुमारे ५०० पुरुष शल्यविशारद व डॉक्टरांना शिकवले. सरकारने १७८६ मध्ये देशभरातील सुईणींची पाहणी केली, तेव्हा अनेक प्रांतांत त्यांच्या विद्यार्थिनी काम करताना आढळल्या.

विरोध झाला नाही का?

भरपूर झाला, आणि तो तिन्ही बाजूंनी झाला.

पहिला विरोध काही पुरुष प्रसूतितज्ज्ञांचा. आल्फाँस लरुआ यांच्यासारख्या डॉक्टरांनी त्यांच्या ज्ञानावर आणि पद्धतीवर टीका केली. निर्जीव पुतळ्यावर शिकून जिवंत बाईचे बाळंतपण कसे करणार, हा आक्षेप होता. सिम्युलेशनवर हा प्रश्न आजही विचारला जातो.

दुसरा विरोध गावांचा. दोन महिने मुलीला शहरात पाठवायचे, तिचा खर्च उचलायचा, याला अनेक गावे तयार नसत. ज्या म्हाताऱ्या सुईणीने अर्ध्या गावाची बाळंतपणे केली, तिला सोडून काल शिकून आलेल्या मुलीला का बोलवायचे, हा प्रश्न बायकांनाही पडे. प्रमाणपत्र मिळाले म्हणून विश्वास मिळत नाही, हे कित्येक विद्यार्थिनींना गावी परतल्यावर कळले.

तिसरा विरोध पैशांचा. काही अधिकारी उत्साहाने बोलावत, काही पत्रांना उत्तरच देत नसत. द्यु कुद्रे यांचा स्वभावही मवाळ नव्हता. मान, निवास, मानधन यांबाबत त्या काटेकोर होत्या आणि राजाची सनद पुढे करायला कचरत नसत. गर्विष्ठ अशी त्यांची काही ठिकाणी ख्याती झाली. पण एकट्या बाईने इंटेंडंट, धर्मगुरू आणि शल्यविशारद यांच्यासमोर २० हून अधिक वर्षे उभे राहायचे, तर नम्रतेने किती काम झाले असते, हा विचारही करायला हवा.

त्यांच्या पद्धतीच्या मर्यादा कोणत्या?

त्यांच्या कामाचे मोजमाप करताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात.

पहिली म्हणजे जंतुसंसर्ग. त्या काळी जंतूंची कल्पनाच नव्हती. हात धुतल्याने प्रसूतीनंतरचा ताप टळतो, हे इग्नाझ सेमेलवाइस यांनी व्हिएन्नात दाखवले ते १८४७ मध्ये. त्यामुळे उत्तम शिकलेला हातही संसर्ग पोहोचवू शकत होता. पुतळा अडकलेले डोके सोडवायला शिकवत होता. हातावर काय चिकटले आहे, हे तो सांगू शकत नव्हता.

दुसरी म्हणजे हत्यारे. सुईणीने हातांनी काम करायचे आणि हत्यारांची गरज पडली की शल्यविशारद बोलवायचा, ही सीमारेषा कायम राहिली. दुर्गम गावात शल्यविशारद वेळेवर पोहोचेलच असे नव्हते. म्हणजे प्रशिक्षण होते, पण त्याच्या मागे उभी राहणारी आरोग्यव्यवस्था नव्हती.

शेवटची वर्षे कशी गेली?

द्यु कुद्रे यांच्यासोबत अनेक वर्षे मार्गरीत नावाची तरुणी होती. तिला त्या आपली भाची म्हणत. तिने कुतांसो नावाच्या शल्यविशारदाशी लग्न केले आणि हे दोघे द्यु कुद्रे यांचे सहकारी झाले. पुढे बोर्दो शहरात त्यांनी सुईणींचे प्रशिक्षण चालू ठेवले. १७८३ नंतर द्यु कुद्रे यांनी प्रवास थांबवला.

१७८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांती झाली. १७९२ मध्ये राजेशाही संपली, १७९३ च्या जानेवारीत सोळाव्या लुईला गिलोटिनवर चढवले गेले. ज्यांची सगळी ओळख राजाने नेमलेली शिक्षिका अशी होती, त्यांच्यासाठी हा काळ अनुकूल नव्हता. १७९४ च्या एप्रिलमध्ये, दहशतीचे राज्य ऐन भरात असताना, त्यांचा बोर्दोत मृत्यू झाला. राजा गेला, सनद गेली. बोर्दोतला वर्ग मात्र त्यांच्या भाचीच्या हाताखाली चालू राहिला.

१८०२ मध्ये पॅरिसमध्ये सुईणींसाठी सरकारी शाळा सुरू झाली. सुईणींना शिकविणे ही राज्याची जबाबदारी आहे, ही कल्पना तोवर रुजली होती.

आजच्या नर्सिंगशी याचा संबंध काय?

आधुनिक नर्सिंगमध्ये पुतळ्याचे आगमन १९११ मध्ये झाले असे मानले जाते. अमेरिकेतील हार्टफर्ड रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेने मार्था चेस या बाहुल्या बनविणाऱ्या उद्योजिकेकडून माणसाच्या मापाची बाहुली करून घेतली. रुग्णाला उचलणे, कूस बदलणे, कपडे बदलणे यांचा सराव तिच्यावर होई. ‘मिसेस चेस’ या नावाने ती बाहुली अनेक नर्सिंग शाळांत पोहोचली. १९६० मध्ये नॉर्वेतील खेळणी बनविणारे अस्मुंड लार्डाल यांनी कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकविण्यासाठी ‘अ‍ॅन’ हा पुतळा आणला. त्याच कंपनीचा ‘मामानॅटली’ हा प्रसूतीचा सिम्युलेटर शिक्षिका पोटावर बांधते. आतून ती बाळ सरकवते, रक्तस्राव सुरू करते. द्यु कुद्रे यांच्या दोऱ्या, पट्टे आणि स्पंज यांचेच हे वंशज.

भारतातही बीएस्सी नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात सिम्युलेशनला स्थान आहे. वॉर्डात काही वर्षे काम, मग एमएस्सी नर्सिंग, मग ट्यूटर आणि पुढे सिम्युलेशन लॅबची जबाबदारी, असा मार्ग आता परिचारिकांसमोर आहे. लॅब चालवायला तंत्रज्ञ मिळतो, पण कोणता प्रसंग उभा करायचा, विद्यार्थिनी कुठे चुकेल आणि चुकल्यावर तिच्याशी कसे बोलायचे, हे ठरवायला रुग्णाच्या उशाशी रात्री काढलेली परिचारिकाच लागते.

मग आपल्यासाठी मुद्दा काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे आरोग्य संस्थांत झाली. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८-२० मध्ये माता मृत्यूचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७, तर महाराष्ट्रात ३३ होते. म्हणजे बाई दवाखान्यापर्यंत पोहोचू लागली आहे. यापुढचे आकडे बरेचसे यावर ठरतील, की ती पोहोचते तेव्हा ड्युटीवर असलेल्या परिचारिकेने पायाळू मुलाचा किंवा अचानक सुरू झालेल्या रक्तस्रावाचा सराव आधी केलेला आहे का.

अनेक ठिकाणी महागडा पुतळा प्लास्टिकच्या आवरणात कुलूपबंद असतो आणि तपासणीच्या दिवशी बाहेर निघतो. द्यु कुद्रे यांचे पुतळे कापडाचे होते, शिवण उसवली की पुन्हा घालायचे होते. पण त्यावर प्रत्येक विद्यार्थिनीचा हात पडत असे, आणि जमेपर्यंत पडत असे. लॅबला पुतळा घेतला का, हे विचारून भागणार नाही. या आठवड्यात त्यावर किती जणींनी हात चालवला, हेही विचारावे लागेल.